एक 'पर्यंत' आणि चार इंग्रजी शब्द: ग्राहकाला इंग्रजीत लिहिताना



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कोटेशन कसं बनवायचं ते बघितलं. त्यात एक मुद्दा घाईत उरकला गेला, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. मुद्दा इंग्रजी व्याकरणाचा आहे. पण शाळेतला तास घेणार नाही, घाबरू नका. धंद्यात जिथे पैसे अडकतात तेवढंच बोलू.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घ्या. त्या घरगुती फराळ करतात. दिवाळीआधी एका ऑफिसकडून दोनशे बॉक्सची ऑर्डर आली. ताईंनी व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'वी विल डिलिव्हर टिल फ्रायडे.' त्यांच्या मनात होतं की शुक्रवारपर्यंत सगळा माल पोचता करू. समोरच्या मॅडमनी वाचलं ते असं: आजपासून शुक्रवारपर्यंत माल थोडा थोडा येत राहील. बुधवारी सकाळी फोन आला, 'पहिला लॉट कुठे आहे?' ताई म्हणाल्या, 'अहो, शुक्रवारी सांगितलं होतं ना!' मॅडमनी मेसेज पुढे करून दाखवला. शब्दाशब्दाने बघितलं तर मॅडम बरोबर होत्या. अर्धी ऑर्डर दुसरीकडे गेली. चकली उत्तम, भाव ठरलेला, पॅकिंग छान, आणि तरीही शंभर बॉक्सचा धंदा गेला, कारण 'बाय' लिहायच्या जागी 'टिल' लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, मराठीत लिहायचं ना मग! जिथे चालतं तिथे मराठीतच लिहा, मीही तेच करतो. पण आपल्या अँटॉप हिलचा ग्राहक बघा कोण आहे. सेंट्रल गव्हर्नमेंट कॉलनीत देशभरातून बदली होऊन आलेली कुटुंबं राहतात. गुरू तेग बहादूर नगरला पंजाबी वस्ती आहे, पलीकडे माटुंग्याला तमिळ घरं. भक्ती पार्कच्या टॉवरमधून ऑर्डर आली तर बोलणं हिंदीत होतं, पण कोटेशन, बिल, पॅकेटवरचा मजकूर आणि गुगलवरचा पत्ता हे सगळं इंग्रजीत लागतं. ऑफिसच्या खरेदी विभागाला तर दुसरं काही चालतच नाही.

गोंधळाचं मूळ कुठे आहे

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे चिकटून येतं. दुकानासमोर, दुकानापासून, दुकानापर्यंत. आधी वस्तू सांगितली, मग तिचं नातं. इंग्रजीत हेच काम प्रीपोझिशन करतं, पण ते पुढे येतं आणि सुटं राहतं. म्हणजे इंग्रजीत नातं आधी ठरवायचं आणि वस्तू नंतर. आपण मनात मराठी वाक्य तयार करतो आणि शेवटी 'पर्यंत'साठी जो पहिला इंग्रजी शब्द आठवेल तो उचलून पुढे ठेवतो. आणि 'पर्यंत'ला इंग्रजीत एक शब्द नाही. निदान चार आहेत, आणि चारही दुकानदाराच्या कामाचे आहेत.

पहिला 'बाय'. काम एकदाच होणार आणि त्या वेळेच्या आत होणार. 'वी विल डिलिव्हर बाय फ्रायडे.' मंगळवारी दिलं तरी चालेल, शुक्रवारी दिलं तरी चालेल, शनिवारी नाही.

दुसरा 'टिल' किंवा 'अंटिल'. एखादी गोष्ट तोपर्यंत चालू राहणार. 'ऑफर व्हॅलिड टिल फ्रायडे.' 'शॉप ओपन टिल नाइन.' सूट चालू राहते, दुकान उघडं राहतं. डिलिव्हरी मात्र 'चालू राहत' नाही, ती एकदा होते. ताईंची गाडी इथेच घसरली.

तिसरा 'अप टू'. हा मर्यादेचा. 'अप टू ५० पर्सेंट ऑफ' म्हणजे जास्तीत जास्त पन्नास टक्के, काही वस्तूंवर दहाच असू शकतात. तुम्ही सगळ्या मालावर सरसकट पन्नास देत असाल तर 'फ्लॅट ५० पर्सेंट ऑफ' लिहा, नाहीतर स्वतःच्याच ऑफरची किंमत कमी करून घ्याल. उलट केलंत, म्हणजे 'फ्लॅट' लिहून काहीच वस्तूंवर दिलंत, तर काउंटरवर भांडण ठरलेलं.

चौथा नुसता 'टू' किंवा 'ॲज फार ॲज'. हा अंतराचा. 'वी डिलिव्हर ॲज फार ॲज दादर.' दादरपर्यंत पोचवतो, पुढे नाही.

एक सोपी चाचणी देतो. मराठी वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत माल पोचेल' हे बरोबर बसतं, म्हणून 'बाय'. 'शुक्रवारच्या आत ऑफर चालू राहील' हे कानाला खटकतं, म्हणून 'टिल'. पंचाण्णव वेळा तरी ही चाचणी चालते. उरलेल्या पाच वेळा वाक्य बदला.

आता 'बिफोर'. हा 'बाय'चा भाऊ आहे पण जुळा नाही. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार धरलेला असतो, 'बिफोर फ्रायडे'मध्ये नसतो, म्हणजे गुरुवारी काम संपायला हवं. म्हणूनच टेंडरच्या आणि सरकारी कागदांवर 'ऑन ऑर बिफोर' असं लांबलचक लिहिलेलं असतं. तो शब्दांचा फुगवटा नाही. त्या दिवशी चालेल आणि आधीही चालेल, हे भांडणाला जागा न ठेवता सांगायचं असतं.

'दोन दिवसांत' आणि 'दोन दिवसांनी' हा फरक मराठीत आपण कधी चुकत नाही. इंग्रजीत गेलो की दोन्हीला 'इन टू डेज' लिहून मोकळे होतो. बाहेरचा इंग्रजी वाचणारा 'इन टू डेज'चा अर्थ बहुतेक वेळा 'दोन दिवसांनी' असा घेतो, आपल्याकडचा 'दोन दिवसांत' असा घेतो. मग आपण नेमकं लिहावं: आत असेल तर 'विदिन टू डेज', नंतर असेल तर 'आफ्टर टू डेज'. आणि खरं सांगू का, पैशाचा किंवा मालाचा प्रश्न असेल तर थेट तारीख आणि वेळ लिहा. 'बाय १७ ऑक्टोबर, ५ पीएम.' याला कोणी दोन अर्थ लावू शकत नाही.

'फ्रॉम'साठी कायद्यात कलम आहे

गंमत वाटेल, पण एका प्रीपोझिशनवर आपल्याकडे कायद्याचं कलम आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ९ सांगतं की कायद्यात 'फ्रॉम' वापरलं की पहिला दिवस मोजायचा नाही, आणि 'टू' वापरलं की शेवटचा दिवस धरायचा. म्हणजे '१ ऑक्टोबरपासून १५ दिवस' असं असेल तर मोजणी २ तारखेला सुरू होते आणि पंधरावा दिवस १६ ऑक्टोबरला पडतो. हे कलम केंद्राच्या कायद्यांना आणि नियमांना लागू आहे, तुमच्या व्हॉट्सॲप मेसेजला नाही. पण बघा, 'पासून'मध्ये पहिला दिवस धरायचा की नाही हा वाद इतका जुना आहे की कायदा करणाऱ्यांना तो आधीच मिटवावा लागला.

आणि हा 'फ्रॉम' तुमच्या पैशाशी जोडलेला आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचं कलम १५ म्हणतं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या तारखेला किंवा त्याआधी पैसे द्यावेत, आणि ही ठरलेली मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. यात कळीचा भाग कोणता? कशापासून मोजायचं तो. माल स्वीकारल्यापासून. आता मोठ्या कंपनीची परचेस ऑर्डर वाचा. तिथे कधी 'फ्रॉम द डेट ऑफ इनव्हॉइस' असतं, कधी 'आफ्टर रिसीट ऑफ पेमेंट फ्रॉम क्लायंट' असतं. दुसऱ्या वाक्याचा अर्थ असा की त्यांच्या ग्राहकाने त्यांना पैसे दिल्यावर ते तुम्हाला देणार. तो कधी देईल, देव जाणे. 'आफ्टर' आणि 'फ्रॉम' हे दोन छोटे शब्द, त्यांच्यात तुमचं सहा महिन्यांचं खेळतं भांडवल अडकू शकतं. सही करण्याआधी प्रीपोझिशनवर बोट ठेवून वाचा. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्याने उद्यम नोंदणी करून ठेवावी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांनी हे संरक्षण आपल्याला कितपत लागू होतं ते सीएला विचारावं, सगळं तसंच्या तसं लागू होत नाही.

समोर म्हणजे नक्की कुठे

पत्ता हा माझा आवडता विषय आहे, कारण चुकलेला पत्ता रोज पैसे खातो. मराठीत 'समोर' हा एकच शब्द. इंग्रजीत 'ऑपोझिट' आणि 'इन फ्रंट ऑफ' असे दोन. रस्त्याच्या पलीकडे, तोंडाला तोंड असेल तर 'ऑपोझिट'. त्याच बाजूला, इमारतीच्या अगदी पुढ्यात असेल तर 'इन फ्रंट ऑफ'. तुमचं दुकान शाळेसमोर रस्त्यापलीकडे आहे आणि तुम्ही लिहिलंत 'इन फ्रंट ऑफ स्कूल', तर नवा डिलिव्हरीवाला शाळेच्या गेटशी उभा राहून तुम्हाला फोन करणार. त्यात 'ऑपोझिट'च्या पुढे 'टू' किंवा 'ऑफ' लावायची गरज नाही. 'ऑपोझिट स्कूल' एवढं पुरे.

मुंबईच्या पत्त्यात आणखी एक शब्द येतो, 'ऑफ'. दोन एफवाला. तो मोठ्या रस्त्याच्या नावाआधी लिहितात. 'ऑन' अमुक रोड म्हणजे दुकान थेट रस्त्यावर, 'ऑफ' अमुक रोड म्हणजे त्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत. गल्लीतलं दुकान असून रस्त्याचा मोठेपणा मिळावा म्हणून 'ऑन' लिहिणारे आहेत. करू नका. ग्राहक रस्त्यावर दोन फेऱ्या मारतो, वैतागतो, शेजारच्याकडून घेऊन जातो.

'अँटॉप हिल'चं सांगतो. नावात टेकडी आहे म्हणून काही जण 'ऑन अँटॉप हिल' लिहितात. त्याचा अर्थ टेकडीच्या माथ्यावर असा होतो. आपण वस्तीचं नाव सांगतोय, म्हणून 'इन अँटॉप हिल'. मोनोचं स्थानक सांगायचं तर 'नियर अँटॉप हिल मोनोरेल स्टेशन'. लोकलने येणाऱ्याला 'नियर जीटीबी नगर स्टेशन, हार्बर लाइन' हे जास्त कळतं. जुन्या लोकांना 'कोळीवाडा' म्हटलं तरच कळतं, पण ते गुगलवर शोधायला जात नाहीत, ते सरळ चालत येतात. आणि 'बॅकसाइड ऑफ बँक' हे कृपा करून पुसून टाका. 'बिहाइंड' लिहा. 'बॅकसाइड'चा दुसरा अर्थ तुमच्या बोर्डावर शोभत नाही.

याच ओघात, 'नियर' आणि 'नियरली'. मराठीत जवळ आणि जवळजवळ. बघा, आपल्या भाषेत हा फरक किती सुंदर आहे, नुसता शब्द दोनदा म्हटला की अर्थ बदलतो. 'नियर' म्हणजे जवळ, 'नियरली' म्हणजे जवळजवळ. 'शॉप इज नियरली स्टेशन' म्हणजे दुकान जवळजवळ स्टेशनच झालंय!

एलवाय लावायचं की नाही

हा भाग विशेषण आणि क्रियाविशेषणाचा. मराठीत 'चांगला' हा शब्द दोन्ही कामं करतो. 'चांगला मसाला' इथे तो नामाबद्दल बोलतो. 'तो चांगला बोलतो, ती चांगली बोलते' इथे तो बोलण्याबद्दल सांगतो, आणि तरीही बोलणाऱ्याप्रमाणे रूप बदलतो. इंग्रजीत या दोन कामांना दोन माणसं ठेवलेली आहेत. नामासाठी 'गुड', क्रियेसाठी 'वेल'. म्हणून आपण 'अवर टीम वर्क्स गुड' लिहितो आणि वाचणाऱ्याला खटकतं.

'ताजा'चंही तसंच. 'ताजा दळलेला मसाला' म्हणताना मराठीत ताजा आणि दळलेला ही दोन विशेषणं शेजारी बसतात. इंग्रजीत 'ताजा' हा शब्द दळण्याबद्दल सांगतो, मसाल्याबद्दल नाही. म्हणून 'फ्रेशली ग्राउंड मसाला'. नुसत्या मसाल्याला 'फ्रेश मसाला'. कॅटलॉगमध्ये हे साचे पाठच करून ठेवा: 'फ्रेशली मेड', 'नीटली पॅक्ड', 'लोकली सोर्स्ड', 'फुली ऑटोमॅटिक', 'ईझिली वॉशेबल'. पहिला शब्द एलवायवाला, दुसरा विशेषणासारखा. पण 'होममेड' आणि 'हँडमेड' हे सबंध शब्द आहेत, तिथे एलवाय नाही. 'होमली मेड' लिहिलेलं मी पाकिटावर वाचलंय, ते चुकीचं.

काही एलवाय फसवे असतात. 'हार्ड' म्हणजे मेहनतीने, 'हार्डली' म्हणजे जेमतेम. लोनच्या मुलाखतीत 'आय वर्क हार्डली' म्हटलंत तर साहेबांना कळेल की तुम्ही जेमतेम काम करता. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे हल्ली.

'व्हेरी' आणि 'टू' यांच्यातही गफलत होते. खूप तिखट म्हणजे 'व्हेरी स्पायसी'. जरा जास्तच तिखट, खाववणार नाही इतकं, म्हणजे 'टू स्पायसी'. आपण बोलताना 'टू गुड' हे कौतुक म्हणून वापरतो, ते मित्रांत चालतं. पण ठेच्याच्या बाटलीवर 'टू स्पायसी' छापलंत तर तुम्हीच सांगताय की घेऊ नका. तसं मुद्दाम करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तो मार्केटिंगचा विषय.

जोडीने येणारे शब्द

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंग्रजीत विशेषणाच्या मागे कोणतं प्रीपोझिशन येणार हे बऱ्याचदा ठरलेलं असतं. त्याला तर्क लावत बसलात तर वेळ जाईल. नवरा-बायकोसारखं आहे, जोडी ठरलीय, का ते विचारू नका. 'डिफरंट फ्रॉम', 'सिमिलर टू', 'सुटेबल फॉर', 'रिस्पॉन्सिबल फॉर', 'इंटरेस्टेड इन'. आणि पुढे क्रियाविशेषण जोडलं की तिघांची गाडी तयार होते: 'हायली सुटेबल फॉर किड्स', 'कंप्लीटली डिफरंट फ्रॉम मार्केट प्रॉडक्ट्स'. इंजिन पुढे, डबा मधे, गार्ड मागे. क्रम बदलला की गाडी चालत नाही.

या जोड्या शिकायला क्लास लावायची गरज नाही. कुठलंही पाकीट उचला. एमआरपीच्या शेजारी काय लिहिलंय? 'इन्क्लुजिव्ह ऑफ ऑल टॅक्सेस.' २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांमुळे ते तिथे असतं. 'इन्क्लुजिव्ह'ची जोडी 'ऑफ', एक एफवाला. 'जीएसटी इन्क्लुजिव्ह विथ' असं नाही. तुमच्या कोटेशनमध्ये हा शब्द असायलाच हवा, नाहीतर बिल देताना अठरा टक्क्यांवरून वाद होतो. 'इन्क्लुजिव्ह ऑफ जीएसटी' किंवा 'एक्सक्लुजिव्ह ऑफ जीएसटी', दोनपैकी एक.

हो, आणि हा एक एफ, दोन एफचा प्रश्न. आपल्या तोंडी दोन्ही 'ऑफ'च. एक एफ म्हणजे 'चा-ची-चे', दोन एफ म्हणजे वजा किंवा बाजूला. सेलच्या बोर्डावर एक एफ पडला तर 'पन्नास टक्क्यांचा' असं काहीतरी अर्धवट वाक्य तयार होतं. पेंटरला दोष देऊ नका, त्याला कागदावर तुम्हीच लिहून देता.

पाकिटावर पुढे बघा. 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय'. आता तुम्हाला 'बिफोर' आणि 'बाय' माहीत झालेत. 'यूज बाय' म्हणजे त्या तारखेपर्यंतच वापरा, नंतर खाऊ नका. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेआधी चव आणि दर्जा उत्तम, नंतर लगेच विष होतं असं नाही. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत एक्स्पायरी किंवा यूज बाय तारीख देणं बंधनकारक आहे, 'बेस्ट बिफोर' हे हवं तर जास्तीचं लिहायचं. घरगुती खाद्यपदार्थ पाकिटात विकणाऱ्या ताईंनो, नुसतं 'बेस्ट बिफोर थ्री मंथ्स' लिहून भागत नाही. तीन महिने कशापासून? तिथे 'फ्रॉम पॅकेजिंग' लागतं, आणि पॅकिंगची तारीखही.

मग 'मेड'. याच्याइतका उपयोगी शब्द नाही. 'मेड इन इंडिया', कुठे बनलं. 'मेड बाय', कोणी बनवलं. 'मेड फॉर', कोणासाठी. 'मेड विथ', काय घालून, जसं 'मेड विथ प्युअर घी'. आणि 'मेड ऑफ' आणि 'मेड फ्रॉम' यांत लोक अडखळतात. मराठीत उत्तर तयार आहे. लाकडाचं टेबल, कापडाची पिशवी: मूळ वस्तू अजून दिसतेय, आपण 'चं, ची' म्हणतो, इंग्रजीत 'मेड ऑफ'. दुधापासून चक्का, उसापासून साखर: मूळ वस्तू बदलून गेली, आपण 'पासून' म्हणतो, इंग्रजीत 'मेड फ्रॉम'. म्हणजे 'बॅग मेड ऑफ कॉटन', पण 'पापड मेड फ्रॉम उडद दाल'.

तसाच 'अव्हेलेबल'. 'अव्हेलेबल इन थ्री साइझेस', 'अव्हेलेबल ॲट अवर शॉप', 'अव्हेलेबल ऑन व्हॉट्सॲप', 'अव्हेलेबल फॉर पार्टी ऑर्डर्स', 'अव्हेलेबल फ्रॉम मंडे'. पाच वाक्यं, पाच प्रीपोझिशन, सगळी रोजच्या कामाची.

'फ्री'ला जपा. 'फ्री फ्रॉम प्रिझर्व्हेटिव्ह्ज' म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत. 'फ्री विथ' म्हणजे सोबत फुकट. 'शुगर फ्री' आणि 'नो ॲडेड शुगर' हे तर दोन वेगळे दावे आहेत, दोघांचे नियम वेगळे. खजुराच्या लाडवात वरून साखर नाही म्हणून तो 'शुगर फ्री' होत नाही, खजुरात साखर आहेच. मधुमेह असलेला माणूस तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून खातो, हे लक्षात ठेवा.

काही क्रियापदांना प्रीपोझिशन लागतच नाही, पण आपण मराठीच्या सवयीने लावतो. 'च्याविषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', 'च्याशी संपर्क' म्हणून 'कॉन्टॅक्ट टू'. दोन्ही ठिकाणी शेपूट कापा. 'डिस्कस द रेट', 'कॉन्टॅक्ट अस'.

'ओन्ली' आणि आपला 'च'

मराठीतला 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्यालाच ठासून सांगतो. 'रविवारीच डिलिव्हरी', 'वडाळ्यातच डिलिव्हरी'. इंग्रजीत 'ओन्ली' ज्या शब्दाबद्दल बोलायचं त्याच्या आधी ठेवायचा. 'वी डिलिव्हर ओन्ली इन वडाळा.' 'वी डिलिव्हर ओन्ली ऑन संडेज.' चेकवर रकमेच्या शेवटी 'ओन्ली' येतं, मराठीत 'फक्त' येतं, ते वेगळं, पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून. ती सवय मेसेजमध्ये आणू नका. 'आय ॲम ओनर ओन्ली' म्हणजे 'मीच मालक' नाही, 'मी नुसता मालक आहे' असं होतं.

सराव कसा करायचा

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी गिरवलं. पद्धत साधी होती: मराठी वाक्य घ्या, इंग्रजीत करा, इंग्रजी घ्या, मराठीत करा. आज ती जुनाट म्हणून हसतात. मला ती धंद्यासाठी अजून उत्तम वाटते, कारण 'पर्यंत'चे चार तुकडे होतात हे दोन्ही भाषा शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. मोबाइल ॲप उत्तर देईल, पण तुमच्या मनात 'बाय' होतं की 'टिल' हे त्याला तुम्हीच सांगावं लागतं.

म्हणून एक वही करा. सुटा शब्द लिहू नका, जोडी लिहा. 'सुटेबल' नको, 'सुटेबल फॉर'. समोर तुमच्या मालाचं एक वाक्य, तुमच्याच भावासकट. आज स्वयंपाकघरातली पाच पाकिटं आणि एक जुनी परचेस ऑर्डर घेऊन बसा, त्यातल्या प्रत्येक प्रीपोझिशनखाली पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी मराठीत त्याचा अर्थ लिहा. जिथे मराठीत 'पर्यंत' किंवा 'पासून' लिहाल तिथे चौकोन करा. मग तुमच्या व्हॉट्सॲपमधले मागच्या महिन्याचे दहा मेसेज त्याच पेन्सिलने तपासा. पुढच्या व्हिडिओत ॲडव्हान्स मागायचा मेसेज घेणार आहे, त्याआधी ही वही सुरू झालेली हवी.